तव्यावरची पहिली भाकरी

सोमवारी साखरबाईच्या पोटात नळी बसवायची होती. अन्ननलिकेत गाठ होती. पाणी, पेज कशीबशी उतरायची, बाकी सगळं अडायचं. नळी बसली की तोंडानं काहीच नाही. पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हे एवढंच सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मग समुपदेशन करणाऱ्या अनुपमा मॅडम नवरा-बायकोला शेजारच्या खोलीत घेऊन गेल्या.

"मावशी, अजून पाच दिवस हातात आहेत. रोज आवडीचं काहीतरी घ्या, घासभरच. घाई करू नका, चव घेत बसा. मनाला बरं वाटतं. काय आवडतं तुम्हाला?"

साखरबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. आनंदराव फरशी बघत म्हणाले, "तिला समदं आवडतं."

"समदं म्हंजी काय?" ती चिडली. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

एसटीत तळेगाव ढमढेरे येईपर्यंत आपल्याला काय आवडतं तेच ती शोधत राहिली. वय एकसष्ट. माहेर दौंडकडचं. तिथं आधी भाऊ जेवायचे. सासरी भाजीचा मळा. वांगी तोडायची, बांधावर बसून निवडायची. चकचकीत वांगं क्रेटमध्ये, किडकं-वाकडं घरच्या पाटीत. चाळीस वर्षं असं निवडून हाताला इतकी सवय लागली, की लग्नाच्या पंगतीतसुद्धा तिचा हात तुटक्या जिलबीकडं जायचा. कुणी जबरदस्ती केली असती तर ती भांडली असती. भांडणाला ती कधीच मागं नव्हती. रेशनच्या मापात मारणाऱ्याला तिनं भर चौकात उभा-आडवा घेतला होता. पण इथं भांडायचं कुणाशी? समोर कुणी नव्हतंच. तिचाच हात होता.

गुरुवारी आनंदरावांनी बाजारातून पेढे आणले. तिनं जिभेवर अर्धा पेढा विरघळू दिला. "गोड हाय," म्हणाली, "पन हे पाव्हण्याचं खानं." शुक्रवारी सून नीलमनं श्रीखंड केलं. तेही तसंच गेलं. दिवस चालले होते.

शनिवारी दुपारी नीलम रांजणगावच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला निघायच्या घाईत बाजरीच्या भाकरी करत होती. तव्यावरून काढून चुलीच्या आरावर ठेवलेली भाकरी टम्म फुगली, फुटली आणि वाफेचा भपकारा भिंतीला टेकून बसलेल्या साखरबाईच्या तोंडावर आला. ती ताठ झाली. आयुष्यात हजारो भाकरी तिनं अशाच फुगवल्या होत्या. पहिल्या भाकरी गड्यांच्या ताटात, मग पोरांच्या. तिची पाळी येईपर्यंत फडक्यातली भाकरी घामेजून चामट झालेली असायची. तव्यावरची तिनं कधी खाल्लीच नव्हती.

"मला पयली पायजे."

"आत्या, गळ्यात अडंल."

"अडू दे. ताट आन."

"मामा बसल्यात की ताटावर."

"त्यांना म्हनावं, उठा."

आनंदराव उठले. "उठलो बाई. ताटावरनं उठवलं मला, चाळीस वर्षांत पयल्यांदा."

"आजवर तुमी कुनाला आदी बसू दिलं?"

तिनं भाकरी मोडली. बोटं भाजली, जीभ भाजली. गरम खायची सवयच नव्हती. फुंकर मारून तिनं चतकोराचा चतकोर तोंडात घेतला आणि चावत राहिली. आधी धुराचा वास, मग करपल्या पापुद्र्याचा किंचित कडवटपणा, मग हळूहळू बाजरीची गोडी. तिनं डोळे मिटले. गिळायला गेली आणि घास अडला. ठसका लागला. नीलमनं वाटी पुढं केली, घास बाहेर आला. नीलम ताट उचलायला वाकली.

"ठिव खाली. गिळता येत न्हाई, चावता तर येतंय."

तिनं दुसरा घास घेतला. चावला, चव संपेपर्यंत तोंडात घोळवला, वाटीत टाकला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. आनंदराव म्हणाले, "दुखतंय का?" तिनं मान हलवली. दुखण्याचं ते रडणं नव्हतं. एवढीशी गोष्ट रोज हातातून गेली, या रागानं तिचा जीव तळमळत होता.

फाट्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. नीलमनं झटकन डबा घेतला, टोपल्यातल्या सकाळच्या दोन भाकरी त्यात घातल्या आणि गरम भाकरी सासऱ्यांसाठी झाकून ठेवली. साखरबाईनं ते पाहिलं. पुढं होऊन तिनं सुनेचं मनगट धरलं.

"ह्या का घेतल्यास? गरम हाय ना समोर?"

"आत्या, मला चालतंय."

"मलाबी चालत व्हतं! बस हितं. खा, मग जा."

"बस जाईल ओ. खाडा पडंल."

"पडू दे."

नीलम अर्धी वाकली, अर्धी उभी राहिली. दुसरा हॉर्न झाला. "उद्या खाते, आत्या. सुट्टी हाय. तुमच्या संगं बसून खाते," म्हणत तिनं अलगद हात सोडवून घेतला आणि डबा घेऊन पळाली.

साखरबाई दारापर्यंत गेली. बस धूळ उडवत निघून गेली. ती परत आली तेव्हा झाकलेली भाकरी निवून गेली होती. तवा रिकामाच तापत होता. आनंदराव चुलीपुढं उकिडवे बसले होते. परातीतल्या उरल्या पिठाचा गोळा त्यांनी हातात घेतला होता आणि त्याचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

"मला येत न्हाई गं."

"मला तरी गरम खायला कुठं येतंय?" ती त्यांच्या शेजारी बसली. "थापा."