खोडरबर फिरवलेली सिम्फनी

अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. आमच्या व्हायोलिनच्या बाईंकडे एका परदेशी संगीतकाराच्या अपुऱ्या सिम्फनीचं जुनं छापील पुस्तक होतं. दोन भाग पूर्ण, तिसरा जेमतेम सुरू होतो आणि मध्येच थांबतो. पुढे स्वर लिहायच्या नुसत्या कोऱ्या ओळी. इंदिरानगरच्या त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही सगळ्याजणी त्याच पुस्तकावरून शिकलो. बाईंनी पानोपानी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. इथे बो, म्हणजे गज, वर ने, इथे श्वास घे, इथे घाई करू नकोस गं.

पानं हातात तुटायला लागली, मुलं झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून वाजवायला लागली, तेव्हा मीच म्हटलं, परत छापून घेऊ. बाईंचा उजवा हात आता उचलत नाही. त्यांचं सगळं शिकवणं त्या पेन्सिलीतच उरलं होतं. सिन्नरला एका विद्यार्थिनीच्या वडिलांचा छापखाना आहे, औषधांची खोकी छापतात. पुस्तक मी स्वतः नेऊन दिलं.

आठवड्याने गेले, तर ऑपरेटर दारातच उभा, चेहरा फुललेला. "मॅडम, लय घाण होती हो पुस्तकात! पोरांनी गिरगटून ठेवलेलं सगळं. दोन दिवस बसून खोडरबराने काढलं. आता बघा!"

बघितलं. नव्या प्रती चकचकीत, आणि मूळ पुस्तकही चकचकीत. कपाळ माझं! अहो, कॉम्प्युटरवर पुसलं असतं तर एक वेळ गिळलं असतं, ह्या माणसाने मूळ पानांवर रबर फिरवला होता. मी तिथेच भडकले. "खोक्यावरचं एक अक्षर हलवायला दहा जणांना विचारता ना? मग मला एक फोन करायला काय झालं होतं?" त्याला कळेचना मी का चिडलेय. मालकांनी चहा मागवला, मी शिवलेही नाही.

नव्या प्रती घेऊन बाईंच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "नवी प्रत घे, पेन्सिल घे. मला आता सगळं नाही आठवायचं, तुला आठवेल."

आणि आठवलं की! एकेका खुणेसाठी मी बोलणी खाल्ली होती. संध्याकाळपर्यंत भराभरा लिहीत गेले, मनात त्या ऑपरेटरला शिव्या घालत.

शेवटच्या पानाशी हात थांबला. सूर तुटतो तिथून पुढे, कोऱ्या ओळींवर, बाईंनी बारीक अक्षरात काहीतरी बरंच लिहिलेलं होतं. तिथवर वाजवून झालं की आम्ही पुस्तक मिटायचो आणि चपला घालून पळायचो.

"बाई, इथे काय लिहिलं होतं?"

बाईंनी पान जवळ ओढून पाहिलं. "नाही गं आठवत. पण तू वाचलं असशील ना?"

इतकी वर्षं ते पान माझ्यासमोर उघडं होतं. मी म्हटलं, "नाही, बाई."