अण्णा परब आणि जिन्यातले पाइप

सार्वजनिक पाणीपुरवठ्याला आयुष्य वाहिलेली माणसं आता उरली नाहीत. ऐंशीच्या दशकात घाटकोपरच्या आमच्या इमारतीत एक होते. अण्णा परब, पालिकेच्या पाणीखात्यातले निवृत्त अधिकारी. चौथ्या मजल्यावरच्या घरी जाताना ते प्रत्येक मजल्यावर थांबत, जिन्यातल्या पाइपावर तळहात ठेवून डोळे मिटत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "प्रेशर बघतोय." हे प्रेशर बघायला त्यांना दिवसेंदिवस जास्त वेळ लागू लागला.

मागून पिशव्या घेऊन येणाऱ्या परबकाकू म्हणायच्या, "पायप कसलो बगतास? दम लागलो म्हणान सांगा ना!"

मधुमेह अण्णांना जुनाच. पण त्याला ते आजार मानत नसत. "साहेब लोकांनाच होतो हा," असं म्हणून तो हुद्द्यासारखा मिरवत. मग एकदा डॉक्टरांना त्यांच्या छातीत खरखर ऐकू आली. हृदयातून रक्त बाहेर सोडणाऱ्या झडपेवर कॅल्शियम साचून ती कडक झाली होती, नीट उघडत नव्हती. सोबत मी होतो. अण्णा म्हणाले, "म्हणजे व्हॉल्व्हला क्षार धरलाय. डॉक्टर, व्हॉल्व्ह मला शिकवू नका!"

घरी येताच त्यांनी पानातला चुना सोडला, दूधही सोडलं. कोऱ्या चहात साखर मात्र दोन चमचे. "जे विरघळतं ते साचत नाही रे," ते मला समजावत. "शुगर हे वेगळं खातं, हृदय वेगळं."

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी सांगितलं, चुन्याचा नि दुधाचा इथे संबंध नाही. रक्तात वर्षानुवर्षं साखर चढलेली राहिली की झडपेचे पडदे बिघडत असावेत आणि तिथे कॅल्शियम लवकर धरत असावं, पण हे अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही. अण्णांनी शेवटचं तेवढं ऐकलं. "पक्कं नाही? असला कागद आमच्या खात्यात साहेब तोंडावर फेकायचे."

झडप बदलता येत होती, पण त्याआधी साखर उतरायला हवी होती. काकूंनी साखरेचा डबा कुलपात घातला, तर अण्णा जिलबीसाठी स्वतः नाक्यावर जाऊ लागले. ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं गेलं आणि दोन्ही वेळा ते विजयी मुद्रेने परतले. "आमच्या मंजुरीशिवाय व्हॉल्व्हला हात लावत नाही कोण!"

"व्हॉल्व रवांदे," काकू म्हणाल्या. "तुमी रवा."

एका संध्याकाळी नाक्यावरून परतताना अण्णा दुसऱ्या मजल्यावर थांबले, पाइपावर तळहात ठेवला आणि तिथेच बसले. उठले नाहीत.

शोकसभेत सोसायटीचे सेक्रेटरी गहिवरून म्हणाले, "शेवटच्या श्वासापर्यंत अण्णा आपल्या पाण्याची काळजी वाहत होते."

"दम लागलेलो त्यांका," काकू म्हणाल्या. टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

त्या पाइपाशेजारी सोसायटीने अण्णांच्या नावाची संगमरवरी पाटी लावली. त्या पाइपातून विजेच्या तारा जातात.