मुलगा घरी किती दिवस होता

मंगळवार, ८ ऑक्टोबर. सकाळी ऊन, दुपारी ढग. दूध फाटले. टपालाने कर खात्याचे पत्र. शुक्रवारी अकराला अधिकारी घरी येणार. विषय: मुलाचे वास्तव्य.

एवढं लिहून तिने पेनाला टोपण लावलं आणि पत्र पुन्हा वाचलं.

एकतीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. लोकांची लग्नं जुळताना आणि मोडताना ऐकली, पण या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. लिहायचं ते फक्त स्वतःच्या घरचं, रोज संध्याकाळी, शाळेतल्या सिस्टरनी लावलेल्या सवयीने. नवरा गेला त्या दिवशीही चार ओळी लिहिल्या होत्या. खालच्या मजल्यावरची शिंपीण म्हणायची, "आजी, चित्रगुप्त रजेवर गेला तर तुम्हालाच बोलावणं येईल."

मुलगा पुलापलीकडच्या देशात इंजिनिअर. मोटारीने चार तास. पुलावर आता कुणी अडवत नाही की शिक्का मारत नाही. त्यामुळे तो कधी कुठे होता, हे सरकारी कागदावर कुठेच नव्हतं. फोनवर तो आधी हसला.

"काही नाही गं. एकाच पगारावर दोनदा कर नको म्हणून दोन्ही देशांचा करार आहे. ज्याचं घर जिथे, त्याचा कर तिथे. तुमच्याकडे कर कमी, म्हणून मी लिहिलं, माझं घर आईकडे, अर्ध्याहून जास्त वर्ष तिथेच असतो."

"गेल्या वर्षी तू एकोणीस दिवस होतास."

"आई!"

"त्यातले दोन दिवस अंथरुणात. पाठ धरली होती तुझी."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिकडच्या खात्याला संशय आला होता. करारातल्या कलमावर बोट ठेवून त्यांनी इकडच्या खात्याला विचारलं होतं, हा माणूस खरंच तिथे राहतो का? आणि कहर म्हणजे फॉर्मवर याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं, पुरावा: आईची रोजची डायरी.

"म्हटलं, कोण बघायला जातंय! आता खोटं ठरलं तर खटला होईल गं. तुरुंगसुद्धा. त्या वर्षाची एखादी कोरी डायरी असेल ना? नवी लिहून काढ."

होती. औषधाच्या दुकानातून दर वर्षी दोन मिळत, एक वापरून एक उरे.

बुधवारी शिंपीण वर आली. "आजी, परवा दोघं आलेले. इतके गोड बोलत होते की अंगावर काटाच आला. तुमच्या दारावरच्या पाटीचा फोटो काढला, मीटरचा काढला. मला विचारतात, यांच्या लेकाचे कपडे कधी शिवलेत का?"

"मग?"

"म्हटलं, माप घ्यायला आधी लेक दिसावा तर लागतो!" मग तिने जीभ चावली. "चुकलं का माझं?"

"नाही गं. खरं तेच बोललीस."

दोन दिवस ती दार लावून लिहीत बसली. मुलगा घरी. मुलाने बल्ब बदलला. मुलगा जेवायला घरी, ताटात काही टाकलं नाही. गुरुवारी दुपारपर्यंत हात सरावला. लिहिता लिहिता तिला वाटलं, हे वर्ष बरं गेलं की आपलं, खऱ्यापेक्षा पुष्कळ बरं. तसं वाटल्याचीच तिला भीती वाटली.

शुक्रवारी अकराला अधिकारी बाई आली. नातीच्या वयाची, हातात करडी बॅग. पाण्याच्या पेल्याला तिने हात लावला नाही. नवी डायरी टेबलावर होती, खरी कपाटात. बाईने डायरीकडे पाहिलंही नाही.

"आजी, गेल्या वर्षी जूनमध्ये तुम्ही नऊ दिवस रुग्णालयात होता. जवळ कोण होतं?"

नव्या डायरीत त्या नऊही दिवसांवर लिहिलं होतं, मुलगा उशाशी. तेवढंच तोंडाने म्हणायचं होतं. खाली शिलाई मशीन चालू होतं. ते मशीन नऊ दिवस बंद ठेवून, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन जिने चमच्याने पाणी पाजलं, तिच्या जागी दुसऱ्या कुणाला बसवायला जीभ वळेना.

"खालची शिंपीण," ती म्हणाली.

बाईने लिहून घेतलं. "आणि मुलगा?"

"फोन केला होता. दोनदा."

मग तिने उठून कपाटातली डायरी आणून दिली. टेबलावरची दुसरी वर्तमानपत्राखाली सरकवायला गेली, तर बाईने तिच्यावर अलगद तळवा ठेवला.

"हीसुद्धा त्याच वर्षाची दिसतेय."

"ती... ती असू दे."

"तीही न्यावी लागेल."

बाईने दोन्ही चाळल्या, एकीत जून, दुसरीत जून. चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. पावती फाडून तिने पुढे केली. डायऱ्या: दोन. वर्ष: एकच.

"आता या कुठे जाणार?"

"प्रती पुलापलीकडे. मुलाशी यावर बोलू नका, आजी. त्यांना तिकडून कळेल. तुम्हालाही पुन्हा बोलावतील."

जिन्यावरची पावलं विरली आणि फोन वाजायला लागला. एकतीस वर्षांत तिने कुणालाही तिसऱ्या घंटेपुढे ताटकळत ठेवलं नव्हतं. फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

संध्याकाळी तिने चालू वर्षाची डायरी उघडली, तारीख घातली आणि बऱ्याच वेळाने लिहिलं: स्वयंपाकघरातला नळ गळतो. वायसर आणायला हवा.