मे महिन्यातली मोजणी

वामनराव गेल्याचं कार्ड करडीहून आलं, तेव्हा त्यांची तेरवीसुद्धा उरकली होती. कार्ड खिशात घालून मी कचेरीत जाऊन बसलो. सांगायचं कुणाला? त्यांना जवळून ओळखणारा तिथं आता मी एकटाच...

नगरपालिकेत ते ओव्हरसियर, मी नकाशे उतरवणारा ट्रेसर. सत्तरच्या दशकात गाव पसरायला लागलं आणि नव्या वस्तीसाठी मोजणी निघाली, तीही ऐन मे महिन्यात. मजुरांच्या घरांना लागून एक बोडी होती, पावसाचं पाणी धरणारं लहान तळं. तेव्हा ती कोरडी ठाक. वामनराव साखळी धरून पार पलीकडे उभे होते. वस्तीतली सखूबाई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "इथं प्लॉट काहून पाडून राहिले जी? बोडी होय ते. पानी आलं का काठोकाठ भरते." मी उन्हानं कावलो होतो. हो हो म्हणून तिला वाटेला लावलं आणि कागदावर 'मोकळं मैदान' लिहून टाकलं. माझ्यावर विसंबून वामनरावांनी सही केली. प्लॉट पडले, भराव पडला आणि दुसऱ्याच पावसाळ्यात पाणी वस्तीत शिरलं. माणसं लेकरं घेऊन शाळेच्या ओट्यावर बसली होती.

चौकशीत वामनराव एवढंच म्हणाले, "सही माझी आहे." त्यांची बढती गेली. मी शेजारी मिठाची गुळणी धरून उभा.

पुढं त्यांनी भर पावसात मोजणी करायचा हट्टच धरला. लोक हसायचे. पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून, फाटकी छत्री घेऊन ते दारोदार विचारत, "माय, पानी कुठवरी आलतं?" बाई भिंतीवर हात ठेवी, तिथं ते खडूनं रेघ ओढत. त्या रेघांवरून नवा नकाशा झाला. अर्धी बोडी वाचली, नाली निघाली, मजुरांची घरं पहिल्यांदाच कागदावर आली. खडू मीच पुरवायचो. रोजचा चहा सोबत व्हायचा, पण खरं काही माझ्या तोंडून निघालं नाही. निवृत्त होऊन ते करडीला गेले, तेव्हाही नाही. ते मनात ठेवून आता फार एकटं वाटतं.

मागच्या रविवारी राहवेना. सखूबाईकडे जाऊन सगळं कबूल केलं. ती तांदूळ निवडत होती.

"आठवते ना मले. तुमाले बोडीचं बोलली होती, हे वामनरावायलेबी सांगतलं होतं मी, पानी शिरलं त्याच सालात."

"मग? काय म्हणाले ते?"

"म्हने, त्याले कोनी काही नोका म्हनू. तो येईन माह्याकडं, सोताच सांगाले."

करडी इथून एसटीनं दीड तास. निवृत्तीनंतर तीन वर्षं ते तिथं होते. मी एकदाही गेलो नाही.