न वाळणारा मचवा

कल्याणला आगगाडी येऊन तीसेक वर्षं झाली होती, तरी जड माल अजून खाडीनेच यायचा. खालच्या मिठागरांतून मीठ भरलेले मचवे भरतीबरोबर वर चढत, बंदरावर रिकामे होत आणि डागडुजीला ओढून काढले की नाथाच्या हाती पडत. नाथा जातीचा आगरी, चाळिशीतला, अबोल माणूस. मचवे रंगवणं हा त्याचा धंदा. तरुणपणी मुंबईत बग्ग्यांच्या कारखान्यात राहून तो दोन गोष्टी शिकून आला होता. लाकडावर पातळ खळीने कागदाची पट्टी चिकटवायची, तिच्या कडेने रंग द्यायचा आणि रंग ओला असतानाच पट्टी सोलून काढायची. कड सुरीने कापल्यासारखी सरळ येते. आणि विलायती छापील चित्रं पाण्यात भिजवून, कागदावरून सोडवून बोटाने लाकडावर बसवायची. त्याने रंगवलेल्या मचव्याच्या मागच्या फळीवर असा एखादा पोपट नाहीतर गुलाब हमखास असे.

त्या वर्षी दसऱ्यानंतर एकाएकी वादळ आलं आणि दौलत तांडेलाचा मिठाने भरलेला मचवा गेला. बरोबरचा खलाशी मारुती मुंब्र्याच्या बाजूला मेलेला, वाहत आलेला सापडला. दौलतचा आणि मचव्याचा पत्ता नाही. माणसांनी खाडीच्या खोल पाण्यात आकडे टाकून बघितले, हाताला काही लागलं नाही. शेवटी जाणत्यांनी सांगितलं, दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकून घ्या.

दौलतची बायको आवडाबाई तयार होईना. ती नाथाकडे आली.

"दादा, त्यांचा मचवा तूच रंगवलेलास ना?"

"व्हय वयनी. दोनदा."

"मना तसाच लहानगा करून दे. रंग तेच, पट्टी तीच, मागं पोपट तोच. दुर्गाडीच्या देवीपुढं टांगीन. ते कुठं हायेत ते तिला दावू दे."

नाथाने सागाचा हातभर ओंडका घेतला. कोरायला त्याला अडचण आली नाही, मचवा डोळ्यांपुढेच होता. खाली काळा, वर हिरवा, मधून पांढरी पट्टी.

अडचण रंगाला आली. पहिला हात उन्हात वाळला. मग पट्टीच्या दोन्ही कडांना कागद चिकटवून त्याने मधे पांढरा दिला आणि कागद सोलले. पट्टी सरळ आली, फक्त डाव्या अंगाला, मागच्या बाजूला बोटभर जागा कोरी राहिली होती. कुंचला चुकला असेल म्हणून त्याने तिथे परत रंग भरला. जेवून आला तर रंग ओघळून गेलेला आणि ती जागा पुन्हा उघडी. नाथाने तिथलं लाकूड खरवडलं, तेलाचा हात दिला, वाळू दिलं, पुन्हा रंग लावला. पांढरा रंग तिथे धरेचना. त्या जागेच्या खालचा काळाही बोटाला चिकटू लागला. कालपर्यंत तो ठणठणीत वाळलेला होता.

त्याने पोपटाचं छापील चित्र पेटीतून काढलं. वाटीत विहिरीचं पाणी घेऊन भिजत घातलं. चित्र सुटलं, त्याने ते मागच्या फळीवर नीट मधोमध बसवलं, फडक्याने टिपलं. मग ओल्याच हाताने तोंड पुसताना ओठाला चव लागली. त्याने वाटीत बोट बुडवून जिभेवर ठेवलं. पाणी खारट होतं.

भर दुपार होती. बंदरावर हमाल ओरडत होते, समोर कुणी जाळं सुकवत होतं. नाथाने वाटी बाजूला सारली. त्याने मचव्याकडे बघितलं. पाटावर दोन ठोकळ्यांमधे सरळ बसवलेला मचवा डावीकडे कलला होता आणि पोपट खालच्या कडेशी सरकला होता.

त्याने आवडाबाईला बोलावणं पाठवलं. ती आली, मचव्यापुढे उकिडवी बसली. रंगाला बोट लावलं. बोटावर काळा रंग आला आणि रंगात मिसळलेलं आणखी काहीतरी. तिने ते चोळून बघितलं, नाकाशी नेलं.

"दादा, ह्यो रंग नाय. चिखल हाय. तिवरांतला."

नाथाने वास घेतला. ओहोटीला तिवरांच्या झाडांखाली उघड्या पडलेल्या चिखलाचा तो कुजका वास आगऱ्याला सांगावा लागत नाही.

"तुम्ही सगले खोल पाण्यात शोधतंव," ती म्हणाली. "ते पाण्यात नाय. चिखलात हाय."

"वयनी, मिठाचं वझं घेऊन बुडलेला मचवा वर कसा येल?"

हे बोलता बोलताच नाथा थांबला.

"मीठ इरघलतं, दादा."

अमावास्येचं मोठं उधाण नुकतंच होऊन गेलं होतं. हलका झालेला मचवा उचलून कडेला टाकायला तेवढं पुरे होतं. नाथाने चार माणसं जमवली, ओहोटीबरोबर होडी सोडली. आवडाबाईही बसली, तिला नको म्हणायची कुणाची छाती झाली नाही. मांडीवर तिने तो लहानगा मचवा घेतला होता. एकेक तिवरांचा पट्टा बघत ते कोपर गावाच्या खाली आले आणि खाडीच्या एका चिंचोळ्या फाट्यात, झाडांच्या मुळ्यांत, डाव्या कुशीवर पडलेला दौलतचा मचवा दिसला. चिखल उपसल्यावर दिसलं, डाव्या अंगाला मागच्या बाजूला, पांढऱ्या पट्टीवर, फळी फुटून भगदाड पडलं होतं. वरची अर्धी बाजू उन्हाने वाळून पांढरी पडली होती, खालची चिखलात रुतलेली.

दौलत सुकाणूपाशीच होता. वादळात वाहून जाऊ नये म्हणून त्याने स्वतःला दोराने बांधून घेतलं होतं. चेहऱ्यात ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. कमरेचा चांदीचा करगोटा आवडाबाईने ओळखला. ती पदराने त्या करगोट्यावरचा चिखल पुसत बसली आणि म्हणाली, "चला, आता घरी."

दर्भाचा पुतळा करावा लागला नाही. क्रिया झाली त्या संध्याकाळी नाथाने हातभर मचवा चाचपून बघितला. रंग वाळला होता. कोऱ्या जागेत भरायला त्याने पांढरा कालवला, पण आवडाबाईने त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. देवीपुढं असाच टांगते."

नाथाने त्यानंतर बंदर सोडलं. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ खोली घेऊन तो टांगे आणि पाळणे रंगवू लागला. काम चांगलं चालायचं. मात्र रंग दिलेल्या वस्तूशेजारी वाटीत पाणी ठेवलं, तर तो ते कधी चाखायचा नाही, लगेच बाहेर नेऊन ओतायचा.

बऱ्याच वर्षांनी एका सकाळी आवडाबाई दारात उभी राहिली. केस पिकले होते. फडक्यात गुंडाळलेला मचवा तिने समोर ठेवला. देवळातल्या धुराने तो काळवंडला होता.

"पोराचं लगीन हाय. देवीपुढं चांगला दिसू दे, म्हणून आणला."

नाथा कितीतरी वेळ हात लावेना. मग त्याने कागदाच्या पट्ट्या कापल्या. ती शेजारी बसून पोराच्या सासुरवाडीबद्दल, भाताच्या पिकाबद्दल बोलत राहिली आणि तो मान खाली घालून रंगवत राहिला. दुपारी दोघांनी भाकरी खाल्ली. ऊन कलायच्या आत रंग वाळला, त्या कोऱ्या जागेतलासुद्धा. आवडाबाईने मचवा गुंडाळून काखेत मारला आणि कल्याणच्या गाडीसाठी स्टेशनकडे निघाली. नाथा नाक्यापर्यंत तिला सोडायला गेला.