यांची नाडी
परवा डॉक्टरांनी मांडीतून तार घालून माझ्या हृदयाचे चुकणारे ठोके ताळ्यावर आणले. नंतर नर्सनं मनगट धरलं आणि स्पिरिटच्या वासानं मी थेट देऊळघाटात, सासरी पोचले. महाराष्ट्र नुकता झाला होता, माझं लग्नही. यांचं काळीज मधेच ठोका चुकवायचं, म्हणून गोळीआधी नाडी बघायला नर्सबाई रोज सकाळी यायची. पांढऱ्या पातळातली ती बाई ओसरीवर सगळ्यांदेखत यांचं मनगट धरून बसायची. आणि मला, लग्नाच्या बायकोला, सासूसमोर यांच्याकडे नुसतं बघायचीही चोरी! दाराआड उभी राहून मी नुसती जळायचे. बोटं मोडायचे मनात. शेवटी एकदा ती म्हणाली, "आता ठोके बरोबर पडून राह्यले. उद्यापासून मी येत नाही. सूनबाई, तू शिकून घे." सासूनं तोंड फिरवलं. मी भीत भीत यांच्या मनगटावर बोटं टेकवली. खात्री करायला नर्सबाईनं दुसरा हात धरला आणि म्हणाली, "काऊन हो, आत्ता तं बरी चालली होती, मंग एकदम काऊन धावून राह्यली?" हे खाली बघून लाजले. परवा मी नर्सला विचारलं, माझी नाडी कशी आहे? "एकदम शांत," ती म्हणाली. शांतच असणार, मनगट धरायला आता हे कुठं आहेत!