गादी परत घेणारी बाई

गाद्यांच्या मोठ्या दुकानात तक्रारींच्या टेबलामागे ताईंची उमर गेली. गादी दबली, गादी बोचते, गादीनं पाठ धरली, असं तणतणत माणसं यायची आणि ताई त्यांच्याशी तावातावानं वाद घालायच्या. मग मालकांनी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंना शिकवायला बोलावलं. बाईंनी सांगितलं, सल्ला द्यायचा नाही, दुकानाची बाजू मांडायची नाही. समोरच्याला काय वाटतंय तेवढंच त्याला परत सांगायचं आणि थांबायचं.

ताईंनी ते एखादी भूमिका बसवावी तसं बसवलं. "म्हणजे तुम्हाला फसवल्यासारखं वाटतंय," असं खालच्या पट्टीत म्हटलं की समोरचा विरघळलाच. गादी राहायची बाजूला. मुलगा फोन करत नाही, बायको दुसऱ्या खोलीत झोपते, असलं काहीबाही निघायचं. शेवटी माणूस डोळे पुसून, तीच गादी ठेवून घेऊन, वर आभार मानून जायचा. मालक खूश. ताई मात्र पिळलेल्या फडक्यासारख्या घरी यायच्या, आणि तो खालचा आवाज चपलांबरोबर दाराशी उतरत नसे.

त्या संध्याकाळी यजमान पलंगावर बसून पिशवी भरत होते. मान वर न करता म्हणाले, भावाकडे राहायला जातोय, किती दिवस ते ठरवलेलं नाही.

ताईंना थांबा म्हणायचं होतं. पण तोंडातून आलं ते दुकानातलंच.

"म्हणजे तुम्हाला इथे एकटं वाटतंय."

"मी काय गादी परत करायला आलोय?" यजमानांनी हातातला शर्ट खाली ठेवला. "किती दिवसांत भांडली नाहीस माझ्याशी. भाजी अळणी झाली म्हटलं, तर म्हणे तुम्हाला अळणी वाटतेय. अगं, अळणी होतीच ती."

ताई पलंगाच्या कडेला टेकल्या. पाय ठणकत होते. शिकवलेलं एकही वाक्य आठवेना.

"जाऊ नका," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचं ऐकून ऐकून घरी येईपर्यंत माझ्यात काही उरत नाही हो." मग त्यांची नजर शर्टावर गेली. "आणि हा घालून वहिनींसमोर जाणार होतात? कॉलर बघा त्याची."

"कालच धुतलाय."

"तुम्हीच ना? दिसतंय."

यजमानांनी कॉलर उलटसुलट करून पाहिली, पिशवी तशीच अर्धी ठेवली आणि चहा टाकायला उठले. आतून त्यांनी विचारलं, साखर किती घालू? इतक्या वर्षांनी हे विचारता, म्हणून ताईंनी त्यांना पुन्हा झापलं आणि भिंतीला पाठ टेकून डोळे मिटले.